नवे पेगन लोक प्रभु येशूला कोण म्हणतात?

वाचनासाठी शास्त्रभाग : मत्तय १६:१३–२०, प्रेषितांची कृत्ये १४:८–१८ व १९:११–४१.



लोक मला कोण म्हणतात, असे प्रभु येशूने एकदा आपल्या शिष्यांस विचारले. हा प्रश्न त्याने यरुशलेमेच्या मंदिरात विचारला नाही, किंवा गालीलातील एखाद्या सभास्थानातही विचारला नाही. हर्मोन पर्वताच्या पायथ्याशी फिलिप्पाची कैसरिया म्हणून जे नगर होते, त्या भागात तो आला असता त्याने तो विचारला. ह्या ठिकाणाचे जुने नाव पानियास. तेथे कड्याच्या पोटात एक मोठी गुहा आहे, तिच्यापाशी यार्देन नदीला मिळणारा एक झरा आहे, आणि त्या गुहेशी ग्रीक लोक पान नावाच्या देवाची पूजा करीत. पान हा रानांचा व कळपांचा देव; पाय बोकडाचे व डोक्यावर शिंगे, असे त्याचे रूप वर्णिलेले आहे. हेरोद राजाने रोमी बादशहाच्या सन्मानार्थ बांधलेले देऊळही त्याच मुलखात होते. म्हणजे जेथे अनेक देवांचे भजन चाले, अशा प्रदेशात प्रभूने आपल्याविषयी हा प्रश्न केला.

आज इंग्लंड व अमेरिका ह्या देशांत असे काही लोक आहेत की जे त्या शिंगांच्या देवाला पुन्हा मान देऊ लागले आहेत. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी शहरात गेलेली आपली मुले त्यांच्याविषयी पुस्तकांत वाचतात, सिनेमात पाहतात, आणि सुटीत घरी आली म्हणजे उपदेशकास विचारतात की, हे लोक कोण आणि आपल्या प्रभूविषयी ते काय म्हणतात? ह्या प्रश्नाला केवळ रागाने किंवा भीतीने उत्तर देणे योग्य नाही. जो दुसऱ्याचे म्हणणे नीट ऐकत नाही, त्याची साक्षही कोणी नीट ऐकत नाही. म्हणून ह्या पाठात आम्ही प्रथम त्यांचे म्हणणे सांगू, मग शास्त्राच्या आधारे त्याचा विचार करू.

१. हे लोक कोण?

‘पेगन’ हा लॅटिन भाषेतून आलेला शब्द असून त्याचा मूळ अर्थ खेडूत असा आहे. रोमी साम्राज्यात ख्रिस्ती धर्म पसरल्यावर जे जुन्या देवांस धरून राहिले त्यांस हे नाव मिळाले. आपण स्वतः खेड्यांत राहणारे आहो, तेव्हा ह्या शब्दाने कोणास हिणवण्याचे आपणांस तरी कारण नाही. आज तर कित्येक लोक हे नाव आपण होऊन घेतात. त्यांत पुष्कळ पंथ आहेत. कोणी आपणांस ड्रुइड म्हणवितात, कोणी उत्तर युरोपातील ओडिन, थोर इत्यादि देवांस भजतात. सर्वांत प्रसिद्ध पंथ म्हणजे विक्का.

विक्कापंथ जगापुढे आणणारा मनुष्य जेरल्ड गार्डनर (१८८४–१९६४) हा इंग्रज होता. तो सिलोन, बोर्निओ व मलाया येथे बरीच वर्षे राहिला, मलायात जकात खात्यात नोकरी केली, आणि १९३६ साली निवृत्त होऊन इंग्लंडास परतला. तेथे १९३९ साली एका गुप्त मंडळाने आपणांस दीक्षा दिली, असे तो सांगे. जादूटोण्याविषयीचा १७३५ सालचा जुना कायदा ब्रिटिश पार्लमेंटने १९५१ साली रद्द केला, आणि १९५४ साली गार्डनरने ह्या पंथावरील आपले पुस्तक प्रसिद्ध केले. हा धर्म ख्रिस्तपूर्व काळापासून गुप्तपणे चालत आला आहे, असा त्याचा दावा होता. ह्या दाव्यास मार्गारेट मरी ह्या विदुषीच्या १९२१ सालच्या ग्रंथाचा आधार होता. पण तिचे मत इतिहासकारांनी पुढे टाकून दिले. रोनाल्ड हटन ह्या इतिहासकाराने १९९९ साली सविस्तर दाखविले की, जुने तुकडे घेऊन हा पंथ बहुतांशी विसाव्या शतकातच घडविला गेला. आज पुष्कळ विक्कापंथीही हे मान्य करितात.

त्यांच्या धर्मात एक देवी व एक देव ह्यांस मुख्य मान आहे. देवीचा संबंध चंद्राशी व पृथ्वीशी लावतात; देवास शिंगे असतात व तो रानाचा व पशूंचा स्वामी मानला जातो. वर्षाच्या फिरत्या ऋतूंप्रमाणे ते आठ सण पाळतात. सर्वांस बंधनकारक असा एक धर्मग्रंथ नाही, सर्वांवर एक अधिकारी नाही. कोणास अपाय होत नसेल तर मनुष्याने आपल्या इच्छेप्रमाणे वागावे, हा त्यांचा ठाऊक असलेला नियम. इंग्लंड व वेल्स येथील २०२१ सालच्या खानेसुमारीत सुमारे ७४,००० लोकांनी आपला धर्म पेगन व सुमारे १३,००० लोकांनी विक्का असा लिहविला. म्हणजे ही संख्या मोठी नव्हे. पण एकेक आत्मा देवाला मोलवान आहे.

२. एका शब्दाविषयी सावधगिरी

ह्या लोकांपैकी अनेक जण स्वतःस ज्या इंग्रजी नावाने ओळखवितात, त्याचा अर्थ मराठी कोशात ‘चेटकीण’ असा दिलेला सापडेल. येथे आपली फसगत होण्याचा संभव आहे. चेटकीण, डाकीण, भुताळी हे शब्द ऐकताच आपल्या मनात मुले आजारी पाडणारी, गाईचे दूध आटवणारी, करणी करणारी बाई उभी राहते. विक्कापंथी लोकांस असे काही करावयाचे नसते. ते सैतानाची पूजा करितात, असेही पुष्कळांना वाटते. परंतु सैतान म्हणून कोणी आहे हेच ते मानीत नाहीत. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही देवाची आज्ञा आहे, आणि ज्याचा धर्म आपणांस पटत नाही तोही आपला शेजारीच आहे. त्यांच्यात जादूच्या नावाखाली काही विधी चालतात, हे खरे. शकुन पाहणे, मंत्रतंत्र करणे ह्यांस अनुवादाच्या १८ व्या अध्यायात देवाने आपल्या लोकांस मनाई केली आहे, हेही खरे. तरी जे खरे आहे तेवढेच सांगावे, अधिक सांगू नये.

३. येशूविषयी त्यांची मते

ह्या लोकांचा एक मतांगीकार नसल्यामुळे येशूविषयी त्यांचे एकमत नाही. तरी मुख्य मते पाच दिसतात.

पहिले मत असे की, येशू हा उत्तम गुरू व रोग्यांस बरे करणारा सत्पुरुष होता. मात्र त्याच्या मागून आलेल्या मंडळीने त्याची शिकवण बिघडविली. हे मत नवे नाही. तिसऱ्या शतकात पोर्फिरी नावाचा एक तत्त्वज्ञ ख्रिस्ती धर्माचा मोठा विरोधक होता. त्याने हेकाटे देवीचा कौल म्हणून असे लिहिले की, येशू हा फार धार्मिक पुरुष होता, परंतु त्याची भक्ती करणारे भ्रमात आहेत. हे आपणांस संत ऑगस्तीन ह्याच्या ‘देवाचे नगर’ ह्या ग्रंथावरून कळते. त्याच हेकाटे देवीला आज काही विक्कापंथी भजतात, आणि येशूविषयी बोलतातही जवळजवळ तसेच.

दुसरे मत असे की, देव अनेक आहेत, त्यांतला येशू हा एक. ज्याला तो आवडतो त्याने त्याला खुशाल भजावे. काही जण तर आपणांस एकाच वेळी ख्रिस्ती व विक्कापंथी म्हणवितात, आणि देवाच्या ठिकाणी येशूला व देवीच्या ठिकाणी मरीयेला कल्पून पूजा करितात. हेही जुनेच. रोमी बादशहा अलेक्झांडर सेव्हेरस (कारकीर्द २२२–२३५) ह्याने आपल्या खाजगी देवघरात ख्रिस्त, अब्राहाम, ऑर्फियस वगैरेंच्या प्रतिमा एकत्र ठेविल्या होत्या, असे एका जुन्या रोमी चरित्रग्रंथात सांगितले आहे.

तिसरे मत असे की, येशूचे मरण व पुनरुत्थान ही ऋतुचक्राचीच एक कथा आहे. विक्कापंथात देव हिवाळ्यात, दिवस वाढू लागतात तेव्हा जन्मतो, उन्हाळ्यात बळावतो, कापणीच्या सुमारास मरतो आणि पुन्हा जन्मतो. जेम्स फ्रेझर ह्या विद्वानाने १८९० साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात ओसिरिस, अदोनिस इत्यादि मरून उठणाऱ्या देवांच्या कथा जमविल्या. त्या वाचून पुष्कळांना वाटू लागले की, येशूही त्याच रांगेतला.

चौथे मत असे की, येशू मोठा जादूगार होता, म्हणजे आमच्यातलाच एक होता. शास्त्र्यांनी त्याच्या हयातीतच बालजबूलाचे नाव घेऊन हा आरोप केला होता (मार्क ३:२२), आणि केल्सस नावाच्या ग्रीक लेखकाने दुसऱ्या शतकात त्याचीच पुनरुक्ती केली. फरक एवढाच की, ते निंदेने म्हणत आणि हे कौतुकाने म्हणतात.

पाचव्या प्रकारचे लोक येशूविषयी काही बोलतच नाहीत, किंवा कडवटपणे बोलतात. ह्यांतील पुष्कळांचे बालपण ख्रिस्ती घरांत गेलेले असते. त्यांच्या मौनामागे किंवा रागामागे कधी कधी मंडळीत सोसलेले दुःख असते.

४. शास्त्राच्या उजेडात विचार

पहिल्या मताच्या लोकांस आपण म्हणावे : तुम्ही आमच्या प्रभूला सत्पुरुष म्हणता, ह्याचा आम्हांस आनंद आहे. पण त्याने काय केले तेही पाहा. पक्षाघाती मनुष्याला त्याने पापांची क्षमा केली (मार्क २). सावकाराच्या वहीत माझ्या नावे कर्ज मांडलेले आहे, आणि गावातील कोणी भला शिक्षक येऊन म्हणू लागला की, ते कर्ज मी खोडले. तर लोक त्याला भला म्हणतील काय? एकतर ती वही त्याचीच असली पाहिजे, नाहीतर तो भलता अधिकार गाजवीत आहे. शास्त्र्यांच्या हे तेव्हाच ध्यानात आले होते, म्हणूनच ते मनात कुरकुरले.

दुसऱ्या मताचे उत्तर आपणांस लुस्त्र येथे मिळते. तेथील लोकांनी बर्णबाला ज्यूस व पौलाला हर्मेस समजून बैल व हार आणिले. आपल्या प्रभूला व त्याच्या सेवकांना मान मिळतो आहे, असे समजून प्रेषित गप्प राहिले असते तर पौलाला कदाचित दगडमार झाला नसता. पण त्यांनी आपली वस्त्रे फाडली व ज्याने आकाश, पृथ्वी व समुद्र केले त्या जिवंत देवाकडे वळण्यास सांगितले. आपणांपैकी अनेकांस हा मोह घरचाच आहे. सोयरे प्रेमाने म्हणतात की, येशूची तसबीर देव्हाऱ्यात ठेवा, बाकीचेही राहू द्या, म्हणजे भांडण मिटले. त्यांचे प्रेम खोटे नाही. परंतु नवरा बायकोला म्हणाला की, माझ्या घरात तुलाही एक खोली देतो, तर तो तिचा मान नव्हे. येशू कोनाडा मागत नाही. तो सर्व अंतःकरण मागतो, कारण त्याने आपले सर्वस्व दिले आहे.

तिसऱ्या मताविषयी शेतकऱ्यास अधिक सांगावे लागत नाही. जोंधळा दर वर्षी पेरतो, दर वर्षी कापतो; एक वर्षही त्याचे मरण चुकत नाही, आणि एका वर्षाचे पीक सदासर्वकाळ पुरत नाही. ऋतूंच्या देवाची कथा अशीच आहे : ती कोण्या एका दिवशी घडली नाही, ती नेहमी घडतच असते. येशूच्या मरणास मात्र काळ व ठिकाण आहे. तो तिबिर्य बादशहाच्या कारकीर्दीत पिलात सुभेदाराच्या हुकुमाने मारला गेला, हे ख्रिस्ती नसलेला रोमी इतिहासकार टॅसिटस ह्यानेही दुसऱ्या शतकाच्या आरंभी लिहून ठेविले आहे. आणि पौल रोमकरांस कळवितो की, ख्रिस्त उठला तो पुन्हा मरण पावण्यासाठी नव्हे (रोम ६:९–१०). गव्हाच्या दाण्याचा दृष्टांत प्रभूने स्वतःच दिला आहे (योहान १२:२४). पण तेथे दाणा हा दृष्टांत आहे, आणि प्रभूचे मरण ही घडलेली गोष्ट आहे.

चौथ्या मताचे उत्तर गेथशेमाने बागेत आहे. जादूचे सार हे की, गुप्त शक्ती आपल्या इच्छेप्रमाणे वळवावी. प्रभूने त्या रात्री ह्याच्या उलट केले; त्याने आपली इच्छा पित्याच्या स्वाधीन केली. त्याने रोग्यांस बरे केले ते बहुधा लोकांसमक्ष, आणि त्याबद्दल कोणाकडून पैसा घेतला नाही. तथापि येथे आपणही आपली परीक्षा करावी. इफिस येथे स्किवाच्या पुत्रांनी येशूचे नाव मंत्रासारखे वापरून पाहिले, तेव्हा त्यांची फजिती झाली. आपल्या मंडळ्यांत कोणी शास्त्रवचन कागदावर लिहून ताइतात बांधीत असेल, प्रार्थनेचे तेल तोडगा म्हणून ठेवीत असेल, तर येशूला जादूगार समजणारा तो विक्कापंथी परका कसा?

५. आपल्या बाजूचा हिशेब

आता एक कठीण गोष्ट. येशूविषयी चांगले बोलणारे हे लोक मंडळीविषयी चांगले का बोलत नाहीत? त्यांचे एक मोठे कारण ऐतिहासिक आहे. सुमारे १४५० पासून १७५० पर्यंत युरोपात चेटूक केल्याच्या आरोपावरून लोकांस छळून मारण्यात आले. पेगन लोकांत नव्वद लाख हा आकडा पुष्कळ दिवस सांगितला जाई. तो खरा नाही. इतिहासकारांच्या अभ्यासावरून मारले गेलेल्यांची संख्या सुमारे चाळीस ते साठ हजार ठरते. त्यांत चारांपैकी सुमारे तीन स्त्रिया होत्या. ते कोणा जुन्या गुप्त धर्माचे अनुयायी नव्हते. बहुतेक सर्व जण बाप्तिस्मा घेतलेले ख्रिस्तीच होते, आणि त्यांत गरीब विधवा पुष्कळ होत्या.

पण नव्वद लाख नव्हते, एवढे म्हणून आपण सुटत नाही. पन्नास हजार हा काय थोडा आकडा आहे? मारणाऱ्यांत रोमन कॅथलिक होते तसे प्रॉटेस्टंटही होते. अमेरिकेत सेलम येथे १६९२ साली १९ जणांस फाशी देण्यात आले. ते गाव बायबल वाचणाऱ्या प्रॉटेस्टंटांचेच होते. निर्गम २२:१८ ह्या वचनाचा त्या काळी दाखला दिला जाई. पण दोन किंवा तीन साक्षीदारांवाचून कोणास मरणदंड देऊ नये, हे त्याच नियमशास्त्रातील वचन विसरले जाई, आणि जिच्यावर लोक दगड उचलून उभे होते त्या स्त्रीला प्रभूने कसे वाचविले, हेही विसरले जाई. छळ करून वदविलेल्या कबुलीवर विश्वास ठेवू नये, असे १६३१ साली फ्रीड्रिख श्पे नावाच्या जर्मन जेझुइट पाद्र्याने लिहिले. देवाने त्या अंधारातही साक्षीदार ठेविले होते. पण ते थोडे होते.

आणि ही केवळ युरोपातील जुनी गोष्ट नाही. आपल्या देशातही डाकीण ठरवून स्त्रियांस मारहाण झालेली आहे, गावाबाहेर घालविलेले आहे, जिवेही मारलेले आहे. महाराष्ट्रात २०१३ साली जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याप्रमाणे एखाद्या व्यक्तीवर करणी केल्याचा आळ घेऊन तिला छळणे हा गुन्हा आहे. ज्या गावात आपली मंडळी आहे, तेथे असा आळ कोणा विधवेवर आला तर उपदेशकाने प्रथम तिच्या दारात जाऊन उभे राहावे. आपल्या घरी ताप आला म्हणून शेजारणीकडे बोट दाखविणारा मनुष्य बाप्तिस्मा घेतलेला असला, तरी ह्या बाबतीत तो ख्रिस्ताचा नव्हे.

६. मग आपण काय करावे?

पौल इफिसात दोन वर्षांहून अधिक राहिला. ते अर्तमी देवीचे नगर. त्याच्या उपदेशाने अनेकांनी जादूची पुस्तके आपण होऊन जाळली. तथापि दंगा झाला तेव्हा शहराच्या चिटणीसाने, जो ख्रिस्ती नव्हता त्याने, सर्वांसमक्ष साक्ष दिली की, ह्या माणसांनी देवळे लुटली नाहीत किंवा आपल्या देवीची निंदाही केली नाही. पौलाने सत्य सांगण्यात कसूर केली नाही, आणि निंदा केली नाही. ही दोन्ही साधणे हीच आपली रीत असावी.

दुसरे उदाहरण बादशहा जूलियन (कारकीर्द ३६१–३६३) ह्याचे. तो ख्रिस्ती घराण्यात वाढला, पण जुन्या देवांकडे परतला, आणि त्यांची देवळे पुन्हा भरभराटीस आणण्याची त्याने खटपट केली. गलतिया प्रांतातील आपल्या मुख्य पुजाऱ्यास लिहिलेल्या पत्रात त्याला कबूल करावे लागले की, हे गालीली लोक स्वतःच्या गरिबांसच नव्हे, तर आमच्याही गरिबांस पोसतात. वादात ज्याने हार मानली नाही, त्याला भाकरीने निरुत्तर केले.

बंधूंनो, पोर्फिरीच्या काळापासून आजपर्यंत जगाचे म्हणणे बहुतेक एकच आहे : तुमचा येशू बरा, तुम्ही बरे नाही. ह्या वाक्याचा पूर्वार्ध अपुरा आहे, आणि तो पुरा करणे हे आपल्या साक्षीचे काम आहे. उत्तरार्ध पुष्कळदा खरा ठरतो, आणि तो खोटा पाडणे हे आपल्या आचरणाचे काम आहे. एक सोडून दुसरे करता येत नाही. पान देवाच्या मुलखात लोकांची मते ऐकून घेतल्यावर प्रभूने शिष्यांस पुढे विचारले की, तुम्ही मला कोण म्हणता. आणि पेत्राने त्याला ख्रिस्त व जिवंत देवाचा पुत्र म्हणून कबूल केले. तो दुसरा प्रश्न आज आपल्या प्रत्येक मंडळीस विचारला जात आहे. त्याचे उत्तर आपण तोंडाने देतो, तसेच गावात आळ आलेल्या बाईच्या दारातही देतो.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

१. येशूला सत्पुरुष म्हणणाऱ्या शेजाऱ्यास आपण काय उत्तर द्यावे? मार्क २:१–१२ वाचून सांगा.

२. लुस्त्र येथे मिळणारा मान प्रेषितांनी का नाकारिला? आपल्या घरांत हा मोह कोणत्या रूपाने येतो?

३. ऋतूंच्या देवाची कथा व प्रभूचे मरण ह्यांत कोणता भेद आहे?

४. प्रार्थना व जादू ह्यांत फरक काय? आपल्या चालीरीतींत तपासण्यासारखे काही आहे काय?

५. आपल्या गावात कोणावर करणीचा आळ आला, तर मंडळीने काय करावे? हे आधीच ठरवून ठेवा.